वाडी ते मुंबई, पायी

सत्तावन्नाव्या वर्षी मी आमच्या वाडीपासून मुंबईपर्यंत चालत गेले आणि चालतच परत आले. लोक अजून विचारतात, नवस होता का? नवस नव्हता. जीपमध्ये जागा दिली नाही म्हणून गेले.

पोलादपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. कागदावर आरोग्यसेविका, लोकांच्या तोंडी नर्सबाय. उपकेंद्र रस्त्याच्या कडेला आणि त्याच्या हाताखालच्या वाड्या वर डोंगरात. सगळ्यात वरच्या वाडीपर्यंत एक जीप सकाळ-संध्याकाळ वर-खाली करायची. बाकी वेळ पाय. नोकरीला लागले तेव्हा ती जीपही नव्हती. तेव्हा आमचे एक साहेब म्हणाले होते, "बाई, पोरं घेऊन खाली रस्त्यावर या म्हणून निरोप धाडा. तुम्ही कशाला चढताय?" मी म्हटलं, "ओल्या बाळंतिणीनं उतरायचं आणि मी खुर्चीत बसून वाट बघायची, हे मला जमणार नाही." साहेबांना ते उद्धट वाटलं. उद्धटच होतं.

हा उद्धटपणा कुठून आला म्हणून माझी आई आयुष्यभर शाळेला बोल लावत असे. माझे वडील मुंबईला एका कॅथलिक मुलींच्या शाळेत माळी होते. आवारातच त्यांना एक खोली होती. माळ्याची मुलगी म्हणून मला त्या शाळेत घेतलं. सकाळची प्रार्थना, इस्त्रीचा गणवेश, मराठी बोललं की गळ्यात पाटी, हे सगळं मी केलं आणि भोगलं. गावाकडं सुट्टीत आले की पोरं "किरिस्तावीण आली" म्हणून ओरडत. शाळेत मी माळ्याची, गावात मी पाद्र्याची. कुठंच धड नव्हते, म्हणून मग मी माझीच झाले.

सातवीत असताना शाळेच्या व्हरांड्यातल्या मेरीमातेच्या मूर्तीचा हात तुटला. मूर्तीभोवतीच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझं होतं. मुख्य सिस्टर म्हणाल्या, तू तोडलास, माफी माग. मी तोडला नव्हता. मी म्हटलं, मी नाही तोडला, मी माफी मागणार नाही. त्यांनी मला व्हरांड्यात मूर्तीसमोर उभं केलं. माफी मागशील तेव्हा वर्गात ये. तीन दिवस मी तिथं उभी होते. बाबा खुरपं हातात घेऊन लांबून बघायचे आणि मान खाली घालायचे. त्यांची नोकरी जाईल ही भीती मला कळत होती, आणि तरीही माझ्या तोंडून तो शब्द निघत नव्हता.

चौथ्या दिवशी आम्हाला गणित शिकवणाऱ्या सिस्टर स्टूल घेऊन आल्या. त्या वसईकडच्या. माझ्याशेजारी स्टूल टाकून त्या वह्या तपासत बसल्या. माफी माग म्हणाल्या नाहीत, मागू नको असंही म्हणाल्या नाहीत. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा अर्धा पाव माझ्या हातात दिला आणि पुन्हा वह्यांत डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल घेऊन आल्या. त्या दिवशी संध्याकाळी मला वर्गात पाठवलं. कुणी काही बोललं नाही. मूर्तीचा हात प्लॅस्टरने चिकटवला गेला.

याच सिस्टर शनिवारी दुपारी वस्तीत आजाऱ्यांना भेटायला पायी जायच्या, आणि पुढं मी त्यांच्याबरोबर जायला लागले. कुणाच्या जखमेची पट्टी बदलायची, कुणाला भात भरवायचा. नर्सिंगला जायचं तिथंच ठरलं. लग्नाची दोन स्थळं आली. दोघांनाही वाड्यावाड्यांतून एकटी हिंडणारी बायको नको होती. मला हिंडणं नको म्हणणारा नवरा नको होता. त्यात कुणाचंच काही बिघडलं नाही.

आता जीपची गोष्ट.

सगळ्यात वरच्या वाडीत वयनी राहते. वयनी म्हणजे मी तिला वयनी म्हणते, नात्याची कुणी नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी. तिला पहिली लस मीच टोचली होती. ती शिकून मुंबईला एका ऑफिसात लागली. वयनीला रक्तदाब. दर महिन्याला मी तिच्या पडवीत बसून पट्टा बांधायची, गोळ्या द्यायची आणि तिच्या हातचा कोरा चहा प्यायची.

शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते. अंगणात ती खांद्यावर घेऊन नाचवायचा मान त्या घरच्या पुरुषाचा. वयनीच्या घरी पुरुष नाही. नवरा गेल्यापासून शेजारचा कुणीतरी तिच्या अंगणात पालखी घ्यायचा. त्या वर्षी शेजारी मुंबईहून आला नव्हता. पालखी अंगणात आली, ढोल वाजत होता आणि पुढं कुणीच होईना. शेवटी मुलीनं ओढणी कमरेला खोचली आणि खांदा दिला. मागच्या बाजूला दोन पोरांनी धरली. दोन फेऱ्या झाल्या. मग एका म्हाताऱ्यानं ढोल थांबवला.

रात्री गावकी बसली. आमच्याकडं सरकार खाली तालुक्याला असतं, वर वाडीत गावकी असते. तिनं ठरवलं की मायलेकींनी देवळात नारळ ठेवून, सगळ्यांसमोर नाक घासून माफी मागायची. मुलीची सुट्टी संपली होती, ती मुंबईला गेली. वयनी एकटी देवळात गेली, नारळ ठेवला, आणि म्हणाली, "नारळ देवाचा हाय. माफी मागन्यासारखं माज्या लेकीनं काय केलं नाय."

त्या घराला वाळीत टाकलं. म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या घराशी बोलायचं नाही. त्यांच्या शेतावर कामाला जायचं नाही. दुकानातून मीठसुद्धा द्यायचं नाही. जो देईल, बोलेल, जाईल, तोही वाळीत.

महिना भरला तशी मी गोळ्या घेऊन गेले. वाडीच्या तोंडाशीच गावकीचे अध्यक्ष भेटले. मुंबईत नोकरी करून निवृत्त होऊन आलेले, शांत बोलणारे गृहस्थ.

"बाई, तुम्ही आमच्या घरच्यासारख्या," ते म्हणाले. "त्या घरी जाऊ नका. गोळ्या माझ्याकडं द्या, पोचवतो."

"कोण पोचवणार?"

"कुणीतरी."

"त्या घराशी बोलायला बंदी आहे ना? मग गोळी सकाळची की संध्याकाळची, हे वयनीला सांगणार कोण?"

ते हसले. "तुम्ही हुशार आहात. कॉन्व्हेंटच्या. पण आमच्यात पडू नका."

मी त्यांच्यासमोरून वयनीच्या घरी गेले. पट्टा बांधला. रक्तदाब वर गेला होता, जाणारच. चहा झाला. वयनी म्हणाली, "बाय, आता येव नको. तुला तरास व्हईल."

"गोळ्या संपायच्या आत येईन," मी म्हटलं.

संध्याकाळी मी खाली जायला जीपजवळ आले. जीपवाला अध्यक्षांचा पुतण्या. चांगला मुलगा, त्याच्या बायकोच्या दोन्ही बाळंतपणांना मी धावले होते. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "बाय, जागा नाय."

"ही काय, रिकामी आहे."

"ती रिकामीच ऱ्हानार हाय."

जीपमध्ये बसलेल्या बायकांनी माना फिरवल्या. मला इतका राग आला की कानशिलं तापली. मी म्हटलं, "मग ऐक. ज्या दिवशी वयनीला आणि मला शेजारी शेजारी बसवशील, त्या दिवशी मी गाडीत बसेन. तोवर तुझ्याच काय, कुणाच्याच गाडीत बसणार नाही."

हे मी रागात बोलले. घरी पोचेपर्यंत अंधार पडला आणि पाय भरून आले, तेव्हा लक्षात आलं की केवढं बोलून बसले आहे. महिन्याची मीटिंग पोलादपूरला, म्हणजे चौदा किलोमीटर. बँक पोलादपूरला. दात दुखला तर महाड. पण बोलले होते, सगळ्या जीपसमोर. मागं फिरले असते तर वयनीच्या माफीपेक्षा माझीच माफी आधी झाली असती.

मी चालू लागले. पहाटे निघायची, मीटिंगला वेळेवर पोचायची. आमचे डॉक्टर म्हणाले, "बाई, सरकारी नोकर आहात, गावकीच्या भानगडीत कशाला?" मी म्हटलं, "सर, गोळ्या सरकारी आहेत. त्या कुणाच्या घरी न्यायच्या आणि कुणाच्या नाही, हे गावकी ठरवणार का?" पुढं एकदा त्यांनी स्वतःच्या गाडीतून सोडतो म्हटलं, मी नको म्हटलं. तेव्हा त्यांनी हात जोडले.

एक मोठीच अडचण आली. वरच्या वाडीच्या बायकांना गावकीनं सांगितलं होतं, नर्सबायकडं पोरं न्यायची नाहीत. माझ्या हातात लसीची निळी पेटी, समाजमंदिराला कुलूप, अंगणात एक माणूस नाही. मी तासभर पायरीवर बसले. मग पेटी उचलून परत निघाले. वाडीखालचा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडला तर मागून हाक आली.

"ओ बाय!"

बघते तर अध्यक्षांची धाकटी सून, कडेवर पोर. मागं आणखी चारजणी. हातात धुण्याचे पिळे, धुवायला आल्यासारख्या.

"इथं टोचा," ती म्हणाली.

"आणि गावकी?"

"गावकीची शीव व्हाळापतूर. ह्या अंगाला गावकी नाय." हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. बहुतेक तिनंच, तिथल्या तिथं. मी दगडावर पेटी उघडली. पुढं सगळा पावसाळाभर दर महिन्याला ऐनाच्या झाडाखाली आमचं लसीकरण झालं. पावसात मी छत्री धरून उभी राहायची आणि बायका एकेक येऊन जायच्या. त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. पोर पुढं करायच्या, पोर रडलं की उचलायच्या, निघून जायच्या. एकदा एकीनं जाताना माझ्या पिशवीत तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, तुकडा टाकला.

लावणीला वयनीच्या शेतात कुणी आलं नाही. मी रजा टाकली. मुलगी मुंबईहून आली. तिघींनी मिळून दोन खाचरं लावली, तिसरं तसंच राहिलं. मला लावणी येत नव्हती. वयनी माझ्या ओळीकडं बघून म्हणायची, "इंग्रजी शाळेचा भात हाय गो तुजा, वाकडा." चिखलात बसून आम्ही हसलो. बांधावरून जाणाऱ्यांना आम्ही हसतोय याचाच जास्त राग आला असेल. येऊ दे.

भात घरात आला, कसाबसा. मग मी पुन्हा अध्यक्षांकडं गेले. विचारलं, हे किती दिवस चालणार?

"माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले. "निर्णय मुंबईच्या मंडळाचा. मंडळ उठवेल तेव्हा उठेल."

आमच्या सगळ्या वाड्यांची अर्धी माणसं मुंबईला आणि मुंबईला वाडीचं मंडळ. देवळाचा रंग कोणता द्यायचा तेही तिकडं ठरतं. मंडळाची सभा मार्गशीर्षातल्या एका रविवारी होती.

मी वयनीला म्हटलं, "पोलिसात जाऊ. कायदा आहे. वाळीत टाकणं गुन्हा आहे."

वयनी सुपात तांदूळ पाखडत होती. हात थांबवून म्हणाली, "केस केली तर त्यांस्नी धरून नेतील. मंग मी मेल्यावं खांदा कोन देल? त्यांच्यातच ऱ्हायाचं हाय मला, बाय. त्यांस्नी सांगून ऱ्हायाचं हाय."

"मग सभेला जाऊन सांग."

"जाऊ. तू येशील?"

"मी चालत येणार."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "तू माज्यापाय चालतेस. मंग मी काय गाडीत बसू?"

मुलीला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. आई, बीपी आहे तुला. मी तिला म्हटलं, नर्स बरोबर आहे. रोज सकाळी निघण्याआधी पट्टा बांधीन, वर दिसलं तर थांबू. ते मी पाळलं.

मी रजा काढली आणि सभेच्या नऊ दिवस आधी आम्ही निघालो. मी कॅनव्हासचे बूट घेतले होते. वयनीनं पावसाळ्यातले प्लॅस्टिकचे बूट घातले, काढायला तयार नाही. दुसऱ्या दिवशी मुक्काम महाडला, माझ्यासोबत शिकलेल्या एका नर्सकडं. तिथंच वयनीच्या टाचेला फोड. मी तो निर्जंतुक सुईने फोडला, पट्टी केली आणि मैत्रिणीच्या नवऱ्याच्या चपला तिच्या पायात घातल्या. त्या चपला मुंबईला जाऊन आल्या.

महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललेलं. कुठं रस्ता, कुठं खडी, कुठं नुसती लाल धूळ. ट्रक अंगावरून गेले की वयनी डोक्यावरचा पदर तोंडावर धरायची. सकाळी लवकर चालायचं, दुपारी सावली बघून बसायचं, ऊन उतरलं की पुन्हा. गाड्यावाले थांबायचे. "मावशी, कुठं?" मुंबई म्हटलं की हसायचे. एक कुटुंब तर गाडीतून उतरून आमच्या पाया पडायला लागलं, त्यांना वाटलं देवाला चाललोय. वयनी मागं सरकली. "आमी भांडायला चाललोय," ती म्हणाली. त्यांनी केळी दिली ती मात्र घेतली.

माणगावच्या पुढं एका देवळाच्या ओसरीवर मुक्कामाला विचारलं, तर पुजाऱ्यानं बरोबर पुरुष नाही म्हणून नको म्हटलं. वयनी त्याला म्हणाली, "बाबा, पुरुष असता तर आमी हितं कशाला आलो असतो?" त्याला ते कळलं नाही. पंक्चर काढणाऱ्या एका माणसाच्या बायकोनं आम्हाला घरात घेतलं आणि गरम पाणी दिलं.

पेणला एका गणपतीच्या कारखान्यात जागा मिळाली. मालकीण माझ्या ओळखीच्या नर्सची बहीण. चारी बाजूंना फळ्यांवर पांढरे गणपती, रंग दिलेला नाही. वयनीनं चपला काढून परातीत पाय बुडवले, साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि भोवती बघून म्हणाली, "यांस्नी डोळं नाय काढलं अजून. बरं हाय. कुनी बघत नाय." त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा नवऱ्याबद्दल बोलली. तो शिमग्यात पालखी फार चांगली नाचवायचा. लेक तशीच नाचवत होती, तोच पाय, तोच झोक. "मी बगत हुते बाय, आन मला वाटलं त्योच आला. मी कशाची माफी मागू?"

मी तिची टाच पुसून पट्टी बदलली.

मुंबईत शिरल्यावर रस्ता माझ्या शाळेवरून जात होता. फाटक नवं, इमारत उंच, वॉचमन गणवेशातला. मी क्षणभर थांबले. सिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. वयनीनं विचारलं, "हीच का ती?" मी हो म्हटलं आणि आम्ही पुढं गेलो. आत जाऊन काय सांगणार होते? सभेला उशीर झाला असता.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. खुर्च्यांवर सगळे पुरुष. आम्ही दारात उभ्या राहिलो. धुळीनं भरलेल्या, चेहरे रापलेले. मंडळाचे अध्यक्ष माईकवरून म्हणाले, "बायकांना सभेत बसता येत नाही. निवेदन असेल तर द्या."

वयनी म्हणाली, "बसायला कुटं आलोय? नऊ दिस चाललो. उभं ऱ्हायला जमतं."

मागून कुणीतरी हसलं. अध्यक्षांना काय करावं सुचेना आणि तेवढ्यात ती बोलायला लागली. माईक नव्हता तिच्याकडं. शेतावरून हाक मारावी तसा आवाज.

"माज्या अंगणात देव आला. घरात पुरुष नाय हे देवाला ठाव हुतं, तरी आला. पुडं कुनी व्हईना. मंग देवाला तसाच ठेवायचा हुता काय? माज्या लेकीनं खांदा दिला. पडू दिला नाय. त्यात पाप कसलं, त्ये सांगा. सांगितलं तर मागते माफी."

"परंपरा आहे," अध्यक्ष म्हणाले. "माफी मागा, विषय इथंच संपेल. आम्हालाही वाढवायचं नाही."

"नाय मागत."

"नुसतं चुकलं म्हणा."

"चुकलं नाय."

एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, बाईमाणसानं असं बोलावं का. एक तरुण उठून म्हणाला, मुलगी पालखी धरते तर धरू द्या, जग कुठं चाललंय. दोघांची जुंपली. मग अध्यक्षांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "आणि तुम्ही बाहेरच्या. तुमचा काय संबंध?"

एवढा वेळ मी गप्प राहायचं ठरवलं होतं. राहवलं नाही. मी म्हटलं, "मागच्या रांगेतली निम्मी पोरं माझ्या हातची आहेत. ती जन्मली तेव्हा मी बाहेरची नव्हते. तुमच्या एकाही घरात शिरताना मी विचारलं नाही की या घराला कुणी वाळीत टाकलंय का. पुढंही विचारणार नाही. तुम्ही मला जीपमध्ये घ्या नाहीतर नका घेऊ, मी येणार. वयनीकडं येणार, आणि तुमच्या आयांकडंही येणार. आता काय करता?"

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "विचार करू. कळवू."

एवढंच. नऊ दिवस चालून मिळालं ते एवढंच, विचार करू.

बाहेर थांबलेल्या मुलीनं आम्हाला घरी नेलं, न्हाऊ घातलं, आमटीभात वाढला. म्हणाली, आता तरी गाडीनं जा. वयनी म्हणाली, "त्यांनी बंदी उठवली काय? नाय ना?" दोन दिवस विश्रांती घेतली आणि आम्ही परत निघालो. मुलगी रजा काढून पनवेलपर्यंत आमच्याबरोबर चालली. परतीला अकरा दिवस लागले. वयनीचा गुडघा सुजला आणि कोलाडला एक दिवस थांबावं लागलं. तिथं मी तिच्यावर ओरडले, ती माझ्यावर ओरडली. मी म्हटलं, हट्ट सोड, एसटीत बस, मी चालत येते. ती म्हणाली, तूच बस. शेवटी कुणीच बसलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी अबोल्यानंच चाललो. संध्याकाळी तिनं विचारलं, "चा पिनार?" आणि भांडण संपलं.

पोलादपूरच्या स्टँडवर दुपारी पोचलो तर जीप उभी. जीपवाला उतरून समोर आला. मुंबईहून फोन आला होता म्हणे. निर्णय काही झालेला नाही, पण जीपमध्ये बसवायला हरकत नाही.

"बसा बाय," तो म्हणाला. "काकी, तूपन बस. फुडच्या शीटवर बसा दोघी."

मला खरंच बसायचं होतं. पाय सुन्न झाले होते आणि मी जे मागितलं होतं तेच तो देत होता. मी वयनीकडं बघितलं.

"हरकत नाय म्हंजी काय रे?" ती म्हणाली. "तू बोलतोस माज्याशी, की नाय बोलत?"

"आता बोलतोय की."

"हितं बोलतोस. वाडीत बोलशील? तुज्या काकासमोर?"

तो चुळबुळला.

"मंग ऱ्हाव दे. एवढं चाललो, आता वाडी ती काय लांब हाय." आणि ती चालू लागली.

मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या आणि मागं गेले.

संध्याकाळी वाडीच्या चढाला लागलो तेव्हा जीप आमच्या मागून आली, पण पुढं जाईना. चढावर आमच्यामागं पहिल्या गिअरमध्ये घरघरत राहिली. आतली माणसं ओरडायला लागली, चल की. तो काही गाडी पुढं काढेना. मग मागचं दार वाजलं. गावकीच्या अध्यक्षांची धाकटी सून पोराला घेऊन उतरली.

"मला गाडी लागते," ती कुणाला तरी म्हणाली आणि आमच्या बरोबरीनं चालू लागली. पाच मिनिटांनी आणखी एक उतरली. तिला गाडी लागते हे मी कधी ऐकलं नव्हतं. सुनेनं पोर माझ्याकडं दिलं आणि वयनीची पिशवी घेतली. "काकी, मुंबईस पाऊस हुता काय?" मार्गशीर्षात. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं तिनं. वयनी म्हणाली, "नाय गो, गरम हुतं." वाडी येईपर्यंत त्या बोलत होत्या, जनावरांबद्दल, पावट्याबद्दल. वाडीच्या तोंडाशी गावकीचे अध्यक्ष उभे होते. त्यांनी सुनेकडं बघितलं. ती थांबली नाही, वयनीच्या पडवीपर्यंत पिशवी घेऊन गेली.

त्यानंतर वाळीत टाकलेलं कुणी उठवलं नाही. तसा ठराव झाला नाही, कुणी येऊन सांगितलं नाही. दुकानदार मीठ द्यायला लागला. पुढच्या लावणीला दोन बायका आल्या, मग चार. त्याआधी शिमग्याला पालखी आली. अंगणात पाटावर ठेवली, नाचवली नाही, पुढं गेली. मला ते अजून सलतं. वयनीनं माफी मागितली नाही, त्यांनीही मागितली नाही. तो शिमगा झाल्यावर आठवड्यानं आम्ही दोघी जीपमध्ये पुढच्या सीटवर शेजारी बसून महाडच्या बाजाराला गेलो. जीपवाला वाडीपासूनच आमच्याशी बोलत होता, मोठ्यानं.

आता मी निवृत्त झाले. गुडघ्याचा फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा. मी त्यांना विचारलं, किती? ते म्हणाले, घरातल्या घरात. मी फी देऊन बाहेर पडले.

कुणी विचारलं की मी सांगते, गाडीत बसते, गाडीशी माझं वैर नाही. पण महिन्यातून एकदा मी रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जाते आणि तिथून हिरकणीवाडीला चालत चढते. तिथं स्टॉल टाकणाऱ्या बायका दिवसभर पर्यटकांना पिठलं-भाकरी वाढतात, स्वतःचा रक्तदाब कधी मोजत नाहीत. मी पट्टा बांधते, त्या ताक देतात. एकीचा नवरा म्हणाला, तुम्हाला याचे कुणी पैसे देतं का? मी म्हटलं नाही. मग कशाला करता? मी म्हटलं, तुमच्या बायकोचा एकशे सत्तर आहे, आधी तिला घेऊन महाडला जा, मग बोलू.

परवा वाडीतल्या सातजणी उपकेंद्राच्या पायरीवर भेटल्या. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पायी जायचं म्हणतात. नवऱ्यांना सांगितलंय. एकीच्या नवऱ्यानं विचारलं, कशासाठी? देव नाही, काम नाही, कुणाचं लग्न नाही. तिनं मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, काही सांगू नको. चपला कोणत्या घालणार आहेस ते दाखव.

तिनं दाखवल्या. टाच झिजलेल्या होत्या. उद्या तिला घेऊन महाडला जाते, बूट घ्यायला.